पाठमोरे वाटे

मांजरा नदीच्या तळातून उठून आलेली, लाखो वर्षांपूर्वी संपलेली जनावरं दर रविवारी सकाळी केवळाबाई घोडक्यांच्या दुकानापुढं वाट्यासाठी बसत, आणि गावाची त्याबद्दल एकच तक्रार होती, की ती फार लवकर येतात. माणूस तोंड धुऊन, पिशवी शोधून निघेपर्यंत लिंबाखालची सगळी सावली त्यांनी धरलेली असे.

वाळूवाल्यांनी नदी उपसत नेली होती. वाळू संपल्यावर खाली चिकण माती लागली, आणि मातीखाली ही मंडळी. सरपंचांनी एकदा रीतसर जाऊन विचारलं, "तुम्ही कुठले? मुक्काम किती दिवस?" त्यांच्यातल्या एकानं जांभई दिली. जांभईच्या आत पाहिल्यावर सरपंचांना घरचं काहीतरी काम आठवलं, आणि तो विषय ग्रामपंचायतीत पुन्हा निघाला नाही.

त्यात सुळ्या होता. तो एकटा यायचा. अंगानं बिबट्याहून जाड, शेपूट आखूड, आणि वरचे दोन सुळे हनुवटीखाली उतरलेले. वागायला मात्र गरीब. हाडफोड्या तरसांची एक जोडी होती, पुढून उंच नि मागून बसकी, जुन्या नवराबायकोसारखी एकमेकांवर कायम वैतागलेली. आणि रानकुत्र्यांची टोळी होती. टोळीतली कुत्री आधी एकेकटी येत. पण एकट्या कुत्र्याचं पान तरसं खुशाल हिसकावून नेत, म्हणून ती जोडीजोडीनं येऊ लागली, मग घोळक्यानं. एकीचं बळ वगैरे त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं, उपाशी पोटच मास्तर झालं. त्यानंतर तरसं टोळीच्या पानाकडं नुसती बघत राहत.

घोडक्यांच्या दुकानात वजनकाटा होता, पण रविवारी त्यावर फडकं टाकलेलं असे. रविवारी वाटे. तिचा थोरला लेक नरसिंग बोकड तोडी. पळसाची पानं ओळीनं मांडायची आणि प्रत्येक पानावर सगळं थोडंथोडं ठेवायचं: मांडीचं मांस, बरगडी, एखादी नळी, काळजाचा तुकडा, चरबी. मग धाकटा व्यंकट एकेका पानाला बोट लावून विचारी, "हा कुणाचा?" केवळाबाई भिंतीकडं तोंड करून उभी असे. पाठमोरीच ती एक नाव घेई. ज्याचं नाव निघालं त्यानं ते पान उचलायचं. कुरकुरीला जागाच नव्हती, कारण कुरकुरणार कुणावर?

ही रीत तिला सासऱ्यानं घालून दिली होती. "बघून दिलं ते दान, न बघता दिला तो वाटा," असं तो म्हणे. सगळी पानं उचलली जाईपर्यंत नाव घेणारीनं मान वळवायची नाही, आणि घरचा वाटा सगळ्यांत शेवटी. केवळाबाई नवी नवरी होती तेव्हापासून त्या भिंतीकडं बघत आली होती. भिंतीवरचा प्रत्येक पोपडा तिच्या ओळखीचा होता.

"हा कुणाचा?"

"पोस्टमन भाऊंचा."

"हा कुणाचा?"

"सुळ्याचा."

सुळ्या उठायचा, पान तोंडात अलगद धरायचा आणि लिंबाखाली जाऊन बसायचा. पोस्टमनपेक्षा त्याला शिस्त जास्त होती, हे पोस्टमनही मान्य करत.

पण पान मिळाल्यावर जे व्हायचं ते व्हायचंच. सुळ्याला हाड नको असे. हाडावर सुळा आपटला तर जन्माचं नुकसान, हे त्याला पक्कं ठाऊक. तरी तो हाड सोडत नसे, कारण सोडलं की तरस नेणार. तरसांना काळजाचा कंटाळा, पण सुळ्याला मिळू नये म्हणून ती आधी काळीज गिळत. सगळे सगळं खात, घाईघाईनं, एकमेकांकडं तिरक्या डोळ्यांनी बघत. दुपारी केवळाबाई झाडू घेऊन बाहेर आली की लिंबाखाली दात पडलेले असत, टोकं मोडलेले, उभे चिरलेले. ती ते सुपात गोळा करी आणि परसात केळीच्या बुडाशी पुरे. पोट भरलेल्याचा दात मोडत नाही, धास्तावलेल्याचा मोडतो, हे तिला झाडता झाडता कळलं होतं. तिला त्या जनावरांची फार दया येई.

दया बाहेरच्यांची येत होती, पण रडू घरातल्यांचं येत होतं. घरात तिचे दोन मुलगे होते आणि चिंचेच्या लाकडाचा ओंडका एक. नवरा गेल्यापासून दोघांनाही त्या ओंडक्यापुढं उभं राहायचं होतं. नरसिंग म्हणे, थोरला मी आहे. व्यंकट म्हणे, हात माझा साफ आहे. दोघंही खरं बोलत होते, तिथंच घोडं अडलं होतं. शेवटी दोघं दोन बाजूंनी उभे राहून एकाच ओंडक्यावर तोडू लागले. जेवायला बसले तरी तेच. एका परातीतून खायची घरची पद्धत, आणि दोघं असे खात की जणू तिसरा घास पुढच्या जन्मी मिळणार आहे.

नरसिंगची बायको महानंदा भाकरी थापता थापता सासूला म्हणाली, "आत्या, ह्येंला कुणी उपाशी ठिवलंय का? पोतंभर जवारी हाय घरात. अन् खायलेत बगा कसे."

त्याच आठवड्यात व्यंकटचा एक दात मोडला. भाकरीवर मोडला. तो त्यानं उचलून खिशात ठेवला आणि पुढचा घास घेतला.

पुढच्या रविवारी नरसिंगचा सत्तूर खाली आला तो व्यंकटच्या बोटाला चाटून गेला. नखाची चकती उडून काट्यावरच्या फडक्यावर पडली.

"चुकून झालं का रे?" केवळाबाईनं विचारलं.

नरसिंग सत्तुराच्या पात्याकडं बघत राहिला. "आधी वाटलं चुकून झालं," तो म्हणाला. "आता म्हाईत नाही, माय."

ते 'म्हाईत नाही' तिच्या काळजात रुतलं. हो म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला असता, नाही म्हणाला असता तर थोबाडीत दिली असती. आपल्या डोळ्यांदेखत एक लेक दुसऱ्याला तोडणार, ही भीती त्या दिवशी तिच्या पोटात जाऊन बसली आणि मग उठलीच नाही.

त्यानंतरच्या रविवारी केवळाबाई वळली. भिंतीकडं पाठ करून तिनं पानांकडं, बाहेर बसलेल्या जनावरांकडं आणि त्यांच्या तोंडांकडं नीट बघितलं. सासऱ्याची रीत तिनं मोडली, तीही दिवसाढवळ्या, आणि आभाळ काही कोसळलं नाही. सगळी काळजं तिनं एका पानावर काढली आणि सुळ्यापुढं ठेवली. सगळ्या नळ्या नि कवट्या तरसांपुढं ठेवल्या. टोळीपुढं मांडीचं मांस. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांना चरबी आणि खिमा. ज्याला जे हवं ते.

लिंबाखाली त्या दिवशी प्रथमच शांतपणे जेवणं झाली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. दुपारी तिनं झाडलं, तर सुळ्याच्या जागी दात नव्हता, तरसांच्या जागी नव्हता. फक्त टोळीच्या जागी मोडके दात होते, कारण त्या कुत्र्यांनी आपली वेगवेगळी पानं पुन्हा एका ढिगात ओढली होती आणि त्यावर भांडण केलं होतं. "ह्या मूर्खांना सुख सोसत नाही," असं म्हणून केवळाबाईनं ते दात सुपात घेतले.

मग तिनं घरातही तसंच केलं. ओंडका, हाडं आणि सकाळ नरसिंगला. काळीज आणि संध्याकाळ व्यंकटला. त्यानं स्टँडवर गाडा टाकावा, काळीज भाजून विकावं. नरसिंगनं त्या गाड्याला हात लावायचा नाही, व्यंकटनं ओंडक्याला. दोघंही ताबडतोब हो म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं.

भांडण मिटलं. घर लांब व्हायला लागलं ते तेव्हापासून.

घोडक्यांचं घर म्हणजे दुकानामागची एकच खोली, मध्ये चूल. नरसिंग पूर्वेच्या टोकाला झोपे, व्यंकट पश्चिमेच्या. पहिल्या महिन्यात खोली परातीच्या अंतरानं वाढली असेल. मग महानंदाच्या लक्षात आलं, की चुलीवरून व्यंकटच्या ताटापर्यंत रस्सा नेईस्तोवर तो निवतो. मग एके दिवशी नरसिंगची हाक व्यंकटला पोचली नाही. केवळाबाई चुलीपाशी उभी राहिली की एका टोकाला थोरला दिसे, दुसऱ्या टोकाला धाकटा, दोघंही अंगठ्याएवढे. बाहेरून मापलं तर घर पहिल्याइतकंच होतं. गवंड्यानं येऊन पाहिलं, चहा घेतला आणि भिंती चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.

जनावरंही बदलत चालली. दर रविवारी सुळ्याचे सुळे थोडे लांब झालेले असत. काळजाला चावावं लागत नाही, त्यामुळं त्याच्या दाढा एकेक करून गळून गेल्या. तरसांची डोकी जड झाली, मानेला पेलेनात, ती जमिनीवर हनुवटी टेकूनच चालू लागली. पण हाड असं फोडत, की आवाजानं शाळेच्या खिडक्या वाजत. बघणारे कौतुक करत. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या अंगी लागत होता.

नरसिंगचा जबडा रुंद झाला. त्याला रस्सा गिळवेना, हाड चघळल्याशिवाय झोप येईना. व्यंकट मऊ बोलू लागला, मऊ चालू लागला, आणि हसला की वरचे दोन दात खालच्या ओठावर टेकत. महानंदानं हे सांगितलं तेव्हा केवळाबाई म्हणाली, "भांडत तर न्हाईत ना?"

"न्हाई," महानंदा म्हणाली. "भांडायला गाठ पडाय पायजे की, आत्या."

श्रावण संपला, दुकान पुन्हा उघडलं, आणि पहिल्याच रविवारी नरसिंगनं बोकड उभा चिरल्यावर हात थांबवला.

"माय, ह्यात काळीज नाही."

"नीट बग."

"बगितलं. जागा बी नाही."

दुसऱ्या बोकडात नव्हतं. बाजारातून आणलेल्या तिसऱ्यातही नव्हतं. पंचक्रोशीतल्या खाटकांनी निरोप पाठवले, त्यांच्याकडंही तेच. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, चारा बदलला की. बोकड काळजाशिवाय हिंडत होते, चरत होते, त्यांना काही कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते सुळ्याला.

सुळ्या आपल्या रिकाम्या पानापुढं बसून राहिला. केवळाबाईनं त्याला मांडीचं मांस घातलं. त्यानं ते सुळ्यांनी इकडून तिकडं लोटलं, हुंगलं, तिच्याकडं बघितलं. चावायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तिनं खिमा करून घातला, तो सुळ्यांच्या मध्ये अडकून खाली पडला. सुळे आता जमिनीला टेकत होते, आणि म्हाताऱ्यानं काठीवर भार द्यावा तसा तो त्यांच्यावर भार देऊन बसे. रागावला नाही, कुणाचं हिसकावलं नाही. आठवडाभर बसला, आणि मग त्याची वाळू झाली. वाळू वाऱ्यानं गेली. सुळे तेवढे जमिनीत रोवलेले राहिले. महानंदानं त्या दोघांना दोरी बांधून धुणं वाळत घातलं, कारण जागा उन्हाची होती.

व्यंकटचा गाडा बंद पडला. तो घराच्या पश्चिमेच्या टोकाला बसून राहू लागला. केवळाबाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन निघे आणि चालत राही. पोचेपर्यंत भाकरी वाळलेली असे.

"खा, बाबा."

"चावत नाही, माय."

"दुधात कालवून देऊ?"

"नको. भाकरी माझ्या वाट्याची न्हाई."

तिनं त्याचं तोंड उघडून बघितलं. दाढांच्या जागी हिरड्या गुळगुळीत होत्या, जन्मलेल्या पोराच्या असाव्यात तशा. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडली. बाजूच्या खिडकीतून दोरीवरचं धुणं दिसत होतं.

पुढच्या रविवारी बोकडात हाडं नव्हती. नरसिंगनं त्याला दाव्यावरून सोडलं तर तो पोत्यासारखा खाली बसला. तरसं हनुवट्या टेकून दुपारपर्यंत थांबली, मग जड डोकी नदीकडं ओढत गेली. त्यांचे फरफटल्याचे दोन चर वाटेवर राहिले. नरसिंगनं सत्तूर ओंडक्यात रोवला, पूर्वेच्या टोकाला जाऊन बसला, आणि भिंतीची माती चघळू लागला.

केवळाबाई ओट्यावर बसली. लिंबाखाली आता फक्त टोळी होती. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती टोळीकडं बघत बसली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं ती नीट बघितली. तिनं दिलेली पानं कुत्र्यांनी नेहमीसारखी एका ढिगात ओढली होती. ढिगावर गुरगुर, चावाचावी. एकाचं नाक फाटलं. एकाचा दात मोडून उडाला. आणि तरी मोडक्या दाताचं कुत्रं ढिगातच तोंड घालून होतं, त्याला कुणी हाकललं नाही. एक लंगडी कुत्री मागं पडली होती. जो सगळ्यांत जास्त चावत होता, तोच खाऊन झाल्यावर तिच्यापाशी गेला आणि पोटातलं काढून तिच्यापुढं टाकलं. आज बोकडात हाड नव्हतं, काळीज नव्हतं. टोळीच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी कुठलीच गोष्ट कधी आपली एकट्याची मानली नव्हती, त्यामुळं कुठलीच संपली नव्हती.

मोडके दात तिनं आजवर दुःखाचे समजून पुरले होते. केळीच्या बुडाशी किती पुरले त्याला गणती नाही. आपण लेकरांचं भांडण मिटवलं, की लेकरंच मिटवत आणली, हा विचार तिच्या मनात आला, आणि ती ओट्यावरून उठून दुकानात आली.

तिनं महानंदाला हाक मारली. "घरचा वाटा राहिलाय न्हवं?"

"राहिलाय. शेवटचं पान."

"दोन करू नको. एकच ऱ्हाऊ दे. ओंडक्यावर ठेव, अन् मी नाव घेते."

"वरडून सांगू का दोघांला? ऐकू जायचं न्हाई."

"नाव घेतलं की जातंय ऐकू. वाट्याचं नाव हाय ते."

केवळाबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पोपडे जिथल्या तिथं होते. मागं पान सरकवल्याची सळसळ झाली, आणि त्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. कडक वस्तू लाकडावर टेकावी तसा.

"पानावर काय हाय गं?" तिनं विचारलं.

"न बगता नाव घ्या, आत्या. तुमचीच रीत हाय."

"काळीज हाय का? हाड हाय का?"

महानंदानं पानाला बोट लावलं. "हा कुणाचा?"

"दोघांचा," केवळाबाई म्हणाली.

त्या दुकानात एका पानाला दोन नावं कधी पडली नव्हती. भिंतीतून थोडी माती गळाली. आधी काहीच झालं नाही. मग पूर्वेच्या टोकाकडून जड पावलं निघाली, आणि पश्चिमेच्या टोकाकडून हलकी. दोन्ही लांबून येत होती, फार वेळ येत राहिली. तिला वाटलं, ही आता वाटेतच थांबतील, आणि घर आणखी लांब होईल. पण पावलं भरभर पडू लागली. मग धावू लागली. चुलीवरची भांडी वाजली. महानंदा बाजूला झाली. बाहेर लिंबाखाली टोळी उठून उभी राहिल्याचं केवळाबाईला ऐकू आलं.

पान फाटलं. नरसिंगच्या घशातून काहीतरी निघालं, व्यंकटच्या घशातून काहीतरी निघालं. ते शब्द होते की नव्हते, हे तिला ओळखू आलं नाही. ओंडका सरकला.

मग दात मोडला. तो आवाज तिनं कुठंही ओळखला असता. दोघं पुन्हा एका पानावर होते म्हणून तिचा जीव भांड्यात पडला, आणि सत्तूर ओंडक्यातच रोवलेला आहे हे आठवून लगेच पुन्हा वर आला. दात फरशीवरून घरंगळत येऊन तिच्या टाचेला लागला. तो गरम होता. पान अजून उचललं गेलं नव्हतं, म्हणून तिनं मान वळवली नाही.